ऊस घालता, पण मत आहे का?

खासगी कारखान्यात मतं शेअरच्या संख्येवर. नुसता ऊस घालणाऱ्याला मतच नाही. सहकारी कारखान्यात एक सभासद, एक मत, शेअर कितीही असोत. लातूर-धाराशिवकडे दोन्ही प्रकारचे कारखाने आहेत, म्हणून आधी पेटीतला शेअर दाखला काढा. कारखान्याचं नाव, सभासद क्रमांक बघा. वडील वारल्यावर वारस म्हणून नाव लावायचं राहून जातं, मग मतदार यादीत आपण नसतोच. अशानं मत बुडतं.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. अहवालात नफ्यावर थांबू नका, कर्ज आणि ऊसबिलाची थकबाकी बघा. प्रश्न सभेआधी लेखी द्या, पोच घ्या. ‘मंजूर, मंजूर’च्या गलक्यात तोंडी प्रश्न इतिवृत्तात येत नाही.