चढाला गाडी हीट मारते? बोनेटखाली या चुका टाळा

मे महिना आला की मला आठवड्याला दोन-तीन फोन येतात आणि सगळ्यांची तक्रार एकच असते. "काका, हायवेला काही होत नाही, पण चढाला लागली की तापमानाचा काटा वर." पुढचे प्रश्नही ठरलेले. मोठा रेडिएटर टाकू का, बोनेटला भोकं पाडू का, सायलेन्सरला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळू का? मग मी विचारतो, रेडिएटरची जाळी शेवटची कधी धुतली? झाकणाचं रबर पाहिलंस? पलीकडून उत्तर येत नाही. गाडी बिघडली म्हणून मला तितकं वाईट वाटत नाही, जितकं न बघता खर्च केला म्हणून वाटतं.

आधी एक गोष्ट डोक्यात नीट बसू द्या. जळलेल्या डिझेल-पेट्रोलच्या उष्णतेतली ढोबळमानाने एक तृतीयांश कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली बरीचशी कूलंटला वाहून न्यावी लागते. हायवेला समोरचा वारा हे काम फुकट करतो. फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, सगळ्यात संथ गिअर) दगडांतून ताशी ५ किलोमीटरने चढताना इंजिनवर जोर पूर्ण असतो आणि वारा शून्य. त्या वेळी पंखा जेवढी हवा ओढेल तेवढीच तुमची. ती हवा रेडिएटरमधूनच आत आली पाहिजे आणि इंजिनावरून जाऊन खालून, गिअरबॉक्सच्या बाजूने बाहेर पडली पाहिजे. खालच्या बहुतेक चुका म्हणजे या वाटेत कुणीतरी घातलेला खोडा आहे.

पंख्याभोवतीचं कडं काढून ठेवणं

ही चूक मी इतक्या गाड्यांत पाहिली आहे की आता बोनेट उघडलं की आधी तिकडेच नजर जाते. रेडिएटर आणि पंखा यांच्यामधलं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कडं म्हणजे श्राउड. बेल्ट बदलताना हात जात नाही म्हणून गॅरेजमध्ये ते काढतात आणि परत बसवत नाहीत. "काही फरक पडत नाही साहेब" हे वाक्य मी चार वेगवेगळ्या ठिकाणी ऐकलं आहे.

माझ्या एमएम ५४० वर, म्हणजे महिंद्राच्या जुन्या जीपवर, हेच झालं. २.१ लीटरचं प्यूजो डिझेल, साधं, दणकट इंजिन. रेडिएटरचा कोअर, म्हणजे आतला नळ्या-पट्ट्यांचा गाभा, बदलून घेतला आणि पुढच्याच रविवारी वेल्ह्याच्या बाजूला एका मित्राच्या शेतावर गेलो. पुण्याहून तिथवर काटा जागचा हलला नाही. शेतामागच्या चढावर लो गिअर टाकला आणि दहा मिनिटांत झाकणातून वाफ.

पुढचे दोन महिने मी जे केलं ते तुम्ही करू नये म्हणून सांगतो. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, बदलली. नवा कोअर पुन्हा उघडून तपासला. होज पाईप नवे टाकले. हेड गॅसकेटचा (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधल्या पातळ थराचा) संशय घेऊन हेड उतरवण्यापर्यंत मजल गेली होती. प्रत्येक दुरुस्तीनंतर रस्त्यावर गाडी उत्तम चालायची आणि चढावर तेच रडगाणं. मग एका ठिकाणी आमच्या चार-पाच जीपा ओळीने उभ्या होत्या, बोनेटं उघडी. शेजारच्या एमएम ५४० कडे सहज बघितलं आणि तिच्या पंख्याभोवतीचं कडं दिसलं. माझ्या गाडीला ते नव्हतंच.

तिथेच वर्तमानपत्राचं पान दोन्ही गाड्यांच्या ग्रिलला लावून पाहिलं, इंजिन आयडलवर. शेजारच्या गाडीला पान कोपऱ्यापर्यंत चिकटून बसलं. माझ्या गाडीला मधोमध, पंख्यासमोर तेवढं चिकटलं; कोपऱ्याकडे सरकवलं की गळून पडलं. गोल पंखा चौकोनी रेडिएटरपुढे उघडा फिरला की समोरच्या गोलातूनच थोडीफार हवा ओढतो आणि बाकीची बाजूने, इंजिनाकडची गरम हवाच परत फिरवतो. नव्या कोअरचे चारही कोपरे दोन महिने नुसते उभे होते. कडं त्या गॅरेजच्या माळ्यावर सापडलं. चार बोल्ट लावले आणि तोच चढ त्याच उन्हात चढलो.

कडं काढण्यामागे कधीकधी खरं कारण असतं: इंजिन ज्यावर बसतं ती रबरी माउंटिंगं दबलेली असतात, दणका बसला की इंजिन हलतं आणि पंखा कड्याला घासतो. अशा वेळी माउंटिंग बदला, कडं काढू नका. इंजिनावरच्या पंख्याला चारही बाजूंनी बोटभर मोकळीक असावी आणि पातं जाडीने साधारण अर्धं कड्याच्या आत, अर्धं बाहेर. वर्तमानपत्राची चाचणी मी अजूनही दर उन्हाळ्यात करतो. इलेक्ट्रिक पंखा बसवला असेल तर ती आणखी गरजेची, कारण दोन वायरी उलट लागल्या की पंखा जोरात फिरतो आणि चुकीच्या दिशेला हवा फेकतो. आवाज ऐकून हे कळत नाही.

बिजागरीखाली वॉशर घालून बोनेट मागून उचलणं

व्हिडिओ बघून आलेला हा उपाय. अर्ध्या तासात होतो, म्हणून नव्या मुलांना फार आवडतो. गाडी उभी असताना मागच्या फटीतून गरम हवा हाताला लागते आणि वाटतं, जमलं! संथ चढाला थोडी उष्णता त्या फटीतून जातेही, हे मी नाकारत नाही. पण गाडी वेगात आली की समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवा तुंबून तिचा दाब वाढतो, आणि जीपसारखी सरळ उभी काच असेल तर जास्तच. मग त्या फटीतून हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरते. आतला दाब वाढला की रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला पुढे सरकायला जागा उरत नाही. फटीच्या कडेला लोकरीचे धागे टेपने चिकटवा, शेजारी बसलेल्याला धागे बघायला सांगा आणि साठच्या वेगाने जाऊन या. शिवाय पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी थेट इंजिनच्या मागच्या भागावर, आणि तापलेल्या ऑईलचा वास केबिनमध्ये.

बोनेटला झरोके करायचेच असतील तर पुढच्या अर्ध्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे करा. तिथे वरचा दाब कमी असतो. त्याखाली अल्टरनेटर किंवा फ्यूज बॉक्स येत नाही ना, हे आधी बघा. आपल्या घाटांत पाऊस कसा कोसळतो ते तुम्हाला सांगायला नको.

थर्मोस्टॅट फेकून देणं

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप; गॅरेजमध्ये तिलाच 'वॉल' म्हणतात. "वॉल काढून टाका, पाणी मोकळं फिरेल." मला या सल्ल्याचा मनापासून राग आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की त्याचीच खालची चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करते. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि गरम कूलंटचा एक भाग रेडिएटरला न भेटता परत इंजिनात जातो. म्हणजे थंडीत इंजिन नको तितकं गार आणि चढावर नको तितकं गरम. संशय असेल तर थर्मोस्टॅट घरी पातेल्यात पाण्यात ठेवा आणि पाणी हळूहळू तापवत न्या. त्यावर ८२ किंवा ८८ असा अंशांचा आकडा कोरलेला असतो, त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. न उघडला तर नवा आणा, त्याच आकड्याचा.

काटा खाली आला म्हणून निश्चिंत होणं

माझ्या ओळखीतल्या एका तरुणाची थार अशीच गेली. चढावर खालचा होज फाटला. काटा लाल पट्टीपर्यंत गेला आणि मग झपाट्याने उतरला. त्याला वाटलं, गाडी सावरली. तो आणखी दोन किलोमीटर चालवत राहिला आणि हेड वाकलं. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तोवरच त्याचं खरं धरायचं. कूलंट निघून गेलं की तो कोरडा पडतो आणि भलतंच सांगतो. काटा कारण नसताना एकदम पडला तर त्याच क्षणी इंजिन बंद करा.

बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो; तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. मी ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती देणाऱ्या सॉकेटला) रीडर लावून आकडाच बघतो आणि १०५ अंश दिसले की थांबतो. थांबणं म्हणजे लगेच चावी फिरवणं नव्हे. कूलंट शाबूत असेल तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण, गाडीचं तोंड वाऱ्याकडे, आणि इंजिन आयडलपेक्षा जरा वर. झाकणाला हात लावायचा नाही. रेडिएटरचं झाकण ०.९ बार दाबाचं असेल तर समुद्रसपाटीला साधं पाणीही आत ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलंत की दाब जातो आणि ते सगळं एका झटक्यात उकळून तुमच्या तोंडावर येतं. गाडी निवायला तासभर लागला तरी लागू द्या.

बाकीच्या चुका

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. देशावर बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. हंड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तोच आत बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, निम्मं-निम्मं.

झाकण हा झिजणारा भाग आहे. मी दर दोन वर्षांनी बदलतो.

सायलेन्सर आणि मॅनिफोल्डला (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांना) पट्टी गुंडाळणं रेसिंगसाठी ठीक. चिखल-पाण्यात जाणाऱ्या गाडीत ती ओल धरून ठेवते आणि तिच्याखाली लोखंडी पाईप गंजतो. कंपनीचा उष्णतेचा पत्रा खडखडतो म्हणून काढला असेल तर आधी तो परत लावा. पत्रा आणि मॅनिफोल्ड यांच्यात सुटलेली हवेची जागाच काम करते.

ग्रिलपुढे चार दिवे, विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) आणि मोठी नंबरप्लेट लावून पुन्हा गाडी तापते म्हणणारे लोक मला भेटतात. दिवे वर न्या.

डबा नसलेला उघडा एअर फिल्टर बोनेटखालचीच गरम हवा पितो. इंजिनला मिळणारी हवा १० अंशांनी तापली की ती साधारण ३ टक्के विरळ होते.

पाण्यातून जाण्याआधी पंख्याचा फ्यूज काढणारे शहाणे. तो फ्यूज स्टिअरिंगला दोरीने बांधा, म्हणजे पलीकडे गेल्यावर परत लावायला विसरणार नाही.

चढ दिसला की दोन-हायमध्ये (दोनच चाकांना जोर, नेहमीचे गिअर) क्लच सोडत-धरत गाडी रेटू नका. फोर-लो लावा. इंजिन मोकळं फिरतं आणि इंजिनावरचा पंखाही जास्त वेगाने फिरतो.

आणि चिखल. गाडी बाहेरून चकाचक धुऊन आणतात, पण एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसणारी एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर जागेत वाळलेला चिखल आणि गवताचं कुसळ तसंच राहतं. समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही. प्रेशर गनने मारलं तर नाजूक पट्ट्या दुमडतात आणि होती ती वाटही बंद होते. मी इंजिन गार असताना साध्या पाईपने, इंजिनच्या बाजूकडून पुढे असं पाणी सोडतो आणि खाली पडणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबत नाही. चिखल फार असेल तर वरचे दोन बोल्ट सैल करून कंडेन्सर थोडा पुढे झुकवतो. ट्रेलवरून परत आलो की त्याच संध्याकाळी हे करतो, कारण रात्रभर वाळलेला चिखल दुसऱ्या दिवशी पाण्याने निघत नाही.