जॅक लावताच दार अडकते, दाराखालून गंज गळतो: माझा अनुभव

जॅकवर उचलली की माझ्या जुन्या पद्मिनी मोटारीचे डावे दार चौकटीला अडकायचे आणि खालच्या रॉकर पॅनेलमधून (दारांखालच्या लांब, पोकळ पत्र्याच्या पट्टीतून) तांबूस चुरा गळायचा. आधी पुट्टी भरली, मग रिव्हेट मारून वरून पत्रा बसवला. त्या पत्र्याआड गंज अधिकच पसरला. दोन पावसाळे वैतागात गेले.

या गाडीला वेगळी चासी (खालची भार पेलणारी लोखंडी चौकट) नाही, त्यामुळे हे पॅनेल शोभेचे नसून सांगाड्याचा भार पेलते, हे उमगल्यावर काम मार्गी लागले. प्रथम बॅटरीची तार काढली, आसने व गालिचा बाहेर घेतला आणि जवळची पेट्रोलची नळी दूर केली. गाडी सपाट कोब्यावर चाकांवरच उभी ठेवून दाराभोवतीच्या फटी मोजून लिहिल्या आणि दार मिटेल अशा बेताने चौकटीत आतून चौकोनी पाइपचा आडवा आधार वेल्ड केला. हा आधार नसेल तर कापल्यावर सांगाडा खचतो.

मग एकच बाजू घेऊन, निकोप पत्रा लागेपर्यंत गंजका भाग कापला. १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिमी जाडीचा, पत्रा वाकवून, कडांना जस्ताचा वेल्डिंग प्रायमर लावून क्लॅम्पने पकडला, फटी पुन्हा मोजल्या आणि मगच मिग वेल्डरने (सतत तार पुरवणाऱ्या विजेच्या वेल्डिंग यंत्राने) आलटून-पालटून दोन्ही टोकांना टाके घेतले, कारण सलग वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा वाकतो. त्यानंतर सांध्यांना सीलर आणि रंग, पोकळीत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारे मेण.

पाणी निचऱ्याची छिद्रे मात्र तारेने मोकळी ठेवली, कारण गंजाचे मूळ तिथेच होते: आमच्या पांदण रस्त्यावरची काळी माती सुकून त्यांत बुचासारखी बसली होती.