मोतीबिंदूत टॉरिक लेन्स टाकून घ्यायलात? मग या चुका टाळा

परभणीत माझं चष्म्याचं दुकान आहे. नंबर मी स्वतः काढतो, डॉक्टर नाही, ऑपरेशन तर लांबच राहिलं. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस महिना-दीड महिन्यानं फिरून माझ्याच स्टुलावर येऊन बसतो, कारण डॉक्टर सांगतात आता नंबर काढून घ्या. त्यामुळं कुणाचं जमलं अन् कुणाचं बिनसलं ते मला बसल्या जागी कळतं. आजकाल टॉरिक लेन्सवाले, म्हणजे सिलेंडर नंबरही काढणारी लेन्स डोळ्यात बसवून घेतलेले, लई यायलेत. बहुतेक खूश असतात. पण जे तोंड वाकडं करून येतात त्यांची भानगड माझ्या बघण्यात तरी ऑपरेशनच्या टेबलापेक्षा जास्त त्याच्या आधी, नाहीतर नंतरच्या महिनाभरात झालेली असते. लेन्स बिचारी चांगलीच असते.

आधी सिलेंडर नंबर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल (एक आजोबा मला म्हणले होते, गॅसचा नंबर चष्म्यात कशाला?). डोळ्याच्या समोरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, सगळीकडून सारखी गोल असली तर ठीक. पण बऱ्याच जणांची ती चमच्याच्या पाठीसारखी असते, उभा बाक वेगळा अन् आडवा बाक वेगळा. मग उजेड एका जागी गोळा होत नाही, अक्षराला सावली दिसते, एसटीची पाटी वाचताना ८ का ३ ते कळत नाही. या नंबरला दोन आकडे असतात, एक किती, तो डायॉप्टर या मापात, अन् दुसरा कोणत्या कोनात, तो ॲक्सिस, १ ते १८० मधला. साधी लेन्स डोळ्यात कशीही गोल फिरवून बसवली तरी चालते. टॉरिकला कोन असतो, तिच्यावर बारीक ठिपक्यांच्या खुणा असतात अन् त्या बरोब्बर ठरलेल्या कोनावर यावं लागतात. सगळा खेळ या कोनाचा आहे.

चष्म्याचा नंबर बघून टॉरिक ठरवणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून पहिल्यांदा सांगतो. आमच्या गल्लीतल्या एक काकू, चष्म्यात सिलेंडर पावणेदोनचा. मोतीबिंदू निघाला तसं मी छाती ठोकून सांगितलं, काकू तुम्हाला टॉरिकच लागतंय, पैशाकडं बघू नका. काकूंनी पोराला सांगून पैशाची जुळवाजुळव केली, अन् डॉक्टरनं मोजलं तर कॉर्नियाचा सिलेंडर अर्धासुद्धा नाही. बाकीचा सगळा त्यांच्या स्वतःच्या पिकलेल्या भिंगाचा होता, अन् ते भिंगच तर काढून टाकणार होते! म्हणजे गरजच नव्हती. काकू अजून दुकानापुढून जाताना हसतात.

उलटंही होतंय. चष्म्यात सिलेंडर शून्य, पण कॉर्नियात सव्वा, अन् आतलं भिंग उलट्या बाजूनं ओढून त्याला झाकत होतं. भिंग काढलं की तो उघडा पडतो, अन् माणूस म्हणतो ऑपरेशननं मला नवीन नंबर लावला. म्हणून डॉक्टरला विचारायचं ते एवढंच, कॉर्नियाच्या मापात सिलेंडर किती निघाला? साधारण एक डायॉप्टरच्या आसपास किंवा वर असला तर टॉरिकचा विचार होतो, त्याच्या आत असला तर बऱ्याचदा ऑपरेशनचा छेदच जरा विचार करून, जिथं बाक जास्त आहे तिथं घेतला तरी भागतं.

माप घाईत उरकणे

लोक म्हणतात मशीनवर हनुवटी टेकवली, टिक् झालं, संपलं. तसं नाही. तिथंच अर्धी लढाई असते.

डोळा कोरडा असला की मशीन प्रत्येक वेळी वेगळा आकडा दाखवतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पंख्याखाली अन् कूलरपुढं दिवस काढणारी माणसं, त्यात दिवसभर मोबाईल, डोळे कोरडे नसले तरच नवल. डॉक्टर म्हणले की आठ-पंधरा दिवस ड्रॉप टाका अन् परत मोजू, तर ते कटवायलेत असं समजू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी ती आधी बंद ठेवायची, मऊवाली असली तर किमान आठवडाभर, कडकवाली असली तर तीन आठवडे किंवा जास्तच, कारण ती कॉर्नियाचा आकार तात्पुरता दाबून ठेवते. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, डोळा बधिर करायचे ड्रॉप टाकून प्रेशर तपासलं किंवा डोळ्याला टेकवून ए-स्कॅन, म्हणजे आवाजाच्या लहरींनी डोळ्याची लांबी मोजायची तपासणी, केला की वरचा थर जरा विस्कटतो, मग लगेच घेतलेलं कॉर्नियाचं माप भरवशाचं राहत नाही. माप आधी, बधिरचे ड्रॉप नंतर.

चांगले डॉक्टर दोन वेगवेगळ्या मशीनवर मोजतात अन् कोन जुळतो का बघतात. एकीकडं ९० अन् दुसरीकडं ११५ आला तर पुढं जायचं नाही, परत बोलवायचं. अजून एक, मशीन कॉर्नियाचा पुढचा भाग मोजतं पण मागच्या भागालाही थोडा बाक असतो. अमेरिकेतले डोळ्याचे डॉक्टर डग्लस कॉख यांच्या २०१२ च्या अभ्यासानंतर याकडं लई लक्ष गेलं, तो सरासरी पाव ते अर्ध्या डायॉप्टरच्या मधला निघतो. त्याला हिशोबात धरलं नाही तर कुणाचं करेक्शन जास्त होतंय तर कुणाचं कमी. म्हणून आता लेन्सचा नंबर काढायच्या बॅरेटसारख्या फॉर्म्युल्यानं हिशोब करतात, त्यात ते धरलेलं असतं.

अन् आपल्या भागातली खास गोष्ट म्हणजे डोळ्यातलं मांस. जन्मभर उन्हात, धुळीत, कापूस वेचण्यात अन् हरभरा काढण्यात गेलेल्या माणसांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं ते मांस नखासारखं बुबुळावर चढत येतं. ते कॉर्नियाला ओढून स्वतःच सिलेंडर तयार करतं. ते तसंच ठेवून माप घेतलं अन् टॉरिक टाकली, अन् वर्षानं मांस काढलं, तर कॉर्निया सुटा होतो अन् लेन्स मात्र जुन्या हिशोबाची राहते. चांगलं वाढलेलं असलं तर आधी ते काढा, एक-दोन महिने, डॉक्टर म्हणतील तेवढे, थांबा, माप स्थिर झालं की मग मोतीबिंदू. कॉर्नियाचा आकारच वेडावाकडा असला, जसा केराटोकोनस नावाच्या आजारात होतो, तर टॉरिक बहुतेक वेळा नकोच म्हणतात, कारण त्या वाकडेपणाला एक कोनच नसतो.

"पिकू द्या, मग बघू"

हे अजून खेड्यात चालू आहे. मोतीबिंदू पिकला पाहिजे, अन् ऑपरेशन दिवाळीनंतरच, उन्हाळ्यात जखम चिघळते म्हणून. ते टाक्यांच्या ऑपरेशनच्या काळातलं आहे. माझ्या आजानं तसंच केलं होतं, मग नंतर जन्मभर बाटलीच्या बुडासारखा दहा नंबरचा चष्मा, तो पडला की घरभर शोधाशोध. आता छेद दोन-अडीच मिलिमीटरचा, ऋतू कोणताही चालतो. पण मोतीबिंदू पार पांढरा झाला की उजेडानं मोजणाऱ्या मशीनला आरपार दिसत नाही, मग डोळ्याची लांबी ए-स्कॅननं काढावी लागते, अन् ऑपरेशनही अवघड होतंय. एवढी महाग लेन्स टाकायची अन् माप मात्र अंदाजे, हे कशाला.

शिबिरात ऑपरेशन झालेल्यांनी मात्र मनाला लावून घेऊ नका. तिथं बहुधा साधी लेन्स असते अन् छेद साधारण सहा मिलिमीटरचा. त्या मोठ्या छेदानं थोडा सिलेंडर येऊ शकतो, तो चष्म्यानं निघतो. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने, ज्यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्यासारख्या लोकांनी असल्याच ऑपरेशनांनी किती गरिबांना दिसतं केलं ते आपल्याकडं सांगावं लागत नाही. साधी लेन्स अधिक चष्मा, ही काही हार नाही.

झोपवून खुणा

आता कोनाचं. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत थोडा गोल फिरतो. सरासरी दोन-चार अंश, काहींचा दहाच्या वर. म्हणजे बसून मोजलेला ९० चा कोन झोपल्यावर ९० राहत नाही. म्हणून खुणा बसवून करायच्या असतात. बधिरचा थेंब टाकतात, माणूस ताठ बसतो, समोर लांब बघतो, अन् डॉक्टर जांभळ्या शाईच्या बारीक पेननं बुबुळाच्या कडेला ठिपके देतात, घड्याळात तीन, सहा अन् नऊ वाजता जिथं काटा असतो तिथं. त्या वेळी आमचे मामा, जिंतूरकडचे, रिटायर मास्तर, घाबरून मान एका खांद्यावर टाकून बसले होते. मी दारातून बघायलो होतो. डॉक्टर म्हणले, "मास्तर, शाळेत पोरांना म्हणायचा तसं सावधानमध्ये बसा." मामा ताठ. तुम्हीही तसंच बसा, दोन्ही डोळे उघडे, मान सरळ, हनुवटी समांतर. काही ठिकाणी बसवून डोळ्याचा फोटो काढतात अन् मायक्रोस्कोपमध्ये नसा जुळवून कोन दाखवणारी सिस्टीम असते, तिथं शाई लागत नाही. दोन्हीतलं एक असलं पाहिजे, हे आधी विचारायला लाजू नका.

दिसत नाही म्हणून सरळ चष्मा करून घेणे

एवढं करूनही मामांचं बिनसलंच होतं. कुणाची चूक नाही, लेन्स फिरली. फिरायची असली तर ती बहुतेक पहिल्या काही तासांत, पहिल्या दिवसातच फिरते, कारण नंतर जुन्या भिंगाची पातळ पिशवी, जिच्यात लेन्स बसवतात, ती आवळत जाते अन् लेन्सला धरून ठेवते. मायनस नंबरवाल्यांचा डोळा लांब, पिशवी मोठी, तिथं हे जास्त होतंय, अन् मामांचा जन्मापासून मायनसच.

आठव्या दिवशी मामा दुकानात, "भाच्या, पाटीवरची अक्षरं जोडीनं दिसायलीत." नंबर काढला, तर आला अधिक अर्धा, सिलेंडर वजा एक, अन् कोन असा की जुन्या कोनाशी मेळ नाही. इथं माझ्यासारख्यानं थांबायला पाहिजे. एकीकडं अधिक अन् दुसरीकडं वजा असा मिश्र नंबर, अधिकच्या नंबरात सिलेंडरचा निम्मा मिळवला की बेरीज साधारण शून्य, अन् कोन नवा, हे लेन्स फिरल्याचं लक्षण असतं. हिशोब साधा आहे, एक अंश फिरली की साधारण ३.३ टक्के काम वाया. दहा अंश फिरली की एक तृतीयांश गेलं. तीस अंश फिरली की सिलेंडर होता तेवढाच परत, फक्त वेगळ्या कोनात, म्हणजे टॉरिकचे पैसे पाण्यात. त्याच्याही पुढं गेली तर आधीपेक्षा वाईट. मामांचा कॉर्नियाचा सिलेंडर दोनचा होता, उरला एक, म्हणजे लेन्स पंधरा अंशाच्या आसपास फिरलेली.

मी चष्मा केला नाही, धंद्याचं नुकसान करून परत पाठवलं. तिथं बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकून डॉक्टरनं स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनवर, लेन्सच्या खुणा बघितल्या. बाहुली मोठी केल्याशिवाय त्या दिसत नाहीत, म्हणून "नुसता टॉर्च मारला अन् ठीक आहे म्हणले" यावर समाधान मानू नका. दोन आठवड्यांनी आत घेऊन लेन्स फिरवून जागेवर आणली, दहा-पंधरा मिनिटांचं काम. पहिल्या आठवड्यानंतर अन् साधारण महिन्याच्या आत हे सोपं जातं. लई लवकर केलं तर परत फिरू शकते, लई उशीर केला तर पिशवीला चिकटलेली असते. म्हणून "बघू सुगी झाल्यावर" असं करू नका. आणि लेन्सच्या मागं पिशवीवर धूसर पडदा आला म्हणून कुणी याग लेझर, म्हणजे त्या पडद्याला भोक पाडायचं लेझर, करायला सांगितलं तर आधी कोनाचं काय ते मिटवा, पिशवीला भोक पाडल्यावर लेन्स हलवणं धोक्याचं होतंय.

पहिले काही दिवस डोळा चोळायचा नाही, रात्री शील्ड लावून झोपायचं, ड्रॉप वेळेवर. सोयाबीनची मळणी चालू असली तर त्या बाजूला जाऊच नका, भुसा डोळ्यात गेला की हात आपोआप चोळायला जातो.

पैसे देताना न विचारलेले प्रश्न

टॉरिक लांबचा सिलेंडर काढते. वाचायला चष्मा लागणारच, जोपर्यंत ती मल्टिफोकल, म्हणजे लांबचं अन् जवळचं दोन्ही दाखवणारी, टॉरिक नाही. हे ऐकून लोक माझ्यावरच चिडतात, "एवढे पैसे देऊन परत चष्मा?" अहो मी कुठं सांगितलं होतं. शुगर असली तर आधी डोळ्याच्या आतला मागचा पडदा, म्हणजे रेटिना, तपासून घ्या, तिथं सूज असली तर कोणतीच लेन्स जादू करणार नाही. मेडिक्लेम असला तर मोतीबिंदूला किती रुपयांची मर्यादा आहे ते पॉलिसीत बघा, टॉरिकचा वरचा खर्च बऱ्याचदा आपल्याच खिशातून जातो, डिस्चार्जच्या काउंटरवर भांडून उपयोग नाही. अन् हेही विचारा, मधेच पिशवी फाटली तर काय? तशी फाटली तर टॉरिक कोनावर टिकेलच असं नाही, मग बहुधा साधी लेन्स टाकतात. त्या वेळी बिल किती, हे आधीच कागदावर असू द्या.

ऑपरेशननंतर लेन्सचं एक कार्ड देतात, स्टिकरवाले, त्यावर मॉडेल, पॉवर, सिलेंडर अन् सिरीयल नंबर असतो. त्याच्यावर ठरलेला कोनही डॉक्टरकडून पेननं लिहून घ्या. मामांनी ते रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलंय. आता दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळालीय, तर परवा फोन करून मला विचारायले होते, "या डोळ्याचा कोन पहिल्यासारखाच असंल का रे?" नसतो मामा, प्रत्येक डोळ्याचा वेगळा, परत मोजावं लागंल. कोरड्या डोळ्याचे ड्रॉप आजपासून चालू करा.