खाडीवरचे पाणपक्षी: निघण्यापूर्वी भरतीची उंची पाहावी
ठाण्याच्या खाडीवर हिवाळ्यात पाणपक्षी पाहायला जाताना दुर्बीण, टोपी, पाणी आणि वही लागते, हे वेगळे सांगायला नको. टेलिस्कोप असल्यास तिपाईसह न्यावा. शेकाट्या किंवा रोहित साध्या दुर्बिणीतून सहज ओळखता येतो, पण दूरवर चरणाऱ्या लहान तुताऱ्या आणि चिखल्ये एकमेकांत मिसळले की त्यांची ओळख पटत नाही.

खरी तयारी भरतीच्या वेळापत्रकाची आहे. पूर्ण ओहोटीला पक्षी पाण्याच्या कडेसोबत फार दूर गेलेले असतात, म्हणून भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोहोचावे आणि चढते पाणी त्यांना काठाकडे आणेपर्यंत थांबावे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र वेळेच्या शेजारी मीटरमध्ये उंची दिलेली असते आणि तीच वाचायची राहून जाते. गेल्या हिवाळ्यात मी ती वाचली नाही. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या, म्हणजे कमी उंचीच्या भरतीला, वेळ अचूक साधूनही पाणी चिखलाच्या मध्यावरच थांबले आणि पक्षीही तिथेच राहिले. तेव्हा उंची पाहावी. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरील भरतीची ढोबळ वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला सुमारे तीन. परंतु हा हिशेब उंची सांगत नाही, आणि खाडीत आत गेल्यावर भरती थोडी उशिरा येते. उंची वेळापत्रकातच पाहावी लागते. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या उधाणात ती साडेचार मीटरच्या आसपास जाते. असे दिवस निवडावेत.

शिवडीचा किनारा पूर्वाभिमुख असल्याने तिथे सकाळी ऊन डोळ्यांवर येते. द्वितीया ते चतुर्थीची दुपारची भरती तिथे प्रकाश आणि उंची दोन्ही देते. ऐरोलीच्या बाजूला सकाळ बरी. पण प्रकाश कितीही चांगला असला तरी उंची कमी असेल, तर बेत पुढे ढकलावा.

चिखलात अजिबात उतरू नये, पाय रुततो आणि काढता येत नाही. भरतीच्या वेळी विसावलेला थवा छायाचित्रासाठी उडवू नये, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये, कारण परतीच्या लांब प्रवासासाठी साठवलेली चरबी त्यात खर्च होते. भरती उलटल्यावर थोडे थांबावे, पक्षी पुन्हा चरायला उतरतात. नोंदी त्याच दिवशी लिहाव्यात, भरतीच्या उंचीसह.