कोऱ्या डीव्हीडीवरून नॅनोचॅनल: क्लीनरूम नसेल तर हे करून बघा

नॅनोचॅनल (द्रव वाहील अशा नॅनोमीटर मापाच्या बारीक नळ्या) म्हटलं की लगेच ई-बीम लिथोग्राफी (इलेक्ट्रॉनच्या झोताने नक्षी काढणं), क्लीनरूमचं (धूळमुक्त लॅबचं) बुकिंग वगैरे डोळ्यासमोर येतं, पण तयार साचा कपाटात धूळ खात पडलेला असतो: कोरी डीव्हीडी-आर. तिच्यावर 740 नॅनोमीटर अंतराने खाचा आधीच असतात, खोली दीडशे नॅनोमीटरच्या आसपास. पिक्चरची डीव्हीडी नको, त्यात सलग खाच नसते, नुसते खड्डे असतात. सीडी चालेल, पण तिथे अंतर 1.6 मायक्रॉन, म्हणजे 1600 नॅनोमीटर, मग काय मजा.

डीव्हीडी म्हणजे 0.6 मिमीच्या दोन चकत्या चिकटवलेल्या, त्यामुळे कात्रीने तुकडा कापायचा, कडेला ब्लेड घालून हळूच उकलायचा (डोळ्यांवर गॉगल घाला रे, कपच्या उडतात) आणि जांभळट डाय (रंगाचा थर) असलेला अर्धा भाग ठेवायचा. डाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, घासू नका. अ‍ॅसिटोन तर अजिबात नको, डीव्हीडीचं प्लॅस्टिक (पॉलिकार्बोनेट) खराब होतं.

आता पीडीएमएस, म्हणजे साच्यावर ओतायचं पारदर्शक सिलिकॉन रबर; आपलं सिलगार्ड 184. बेस आणि क्युरिंग एजंट (ते घट्ट करणारा भाग) वजनाने 10:1, नीट ढवळा, डेसिकेटरमध्ये (हवा ओढून घेता येणाऱ्या बंद भांड्यात) बुडबुडे काढा, तुकड्यावर ओता, 60 अंशाला चारेक तास ओव्हनमध्ये. लॅटेक्सचे ग्लोव्ह्ज टाळा, त्यातल्या गंधकामुळे ते सेटच होत नाही, नायट्राइलचे घ्या. थंड झालं की खाचांच्या दिशेने सोला, इंद्रधनुष्य दिसलं की समजा जमलं.

खात्री करायला हिरवा लेझर (532 नॅनोमीटर) सोललेल्या पीडीएमएसमधून सरळ आरपार सोडा, बाजूचे ठिपके साधारण 46 अंशावर पडतात, म्हणजे भिंत 10 सेंमीवर असेल तर मधल्या ठिपक्यापासून जेमतेम तेवढ्याच अंतरावर. ठिपके ज्या रेषेत पडतात त्याच्या काटकोनात चॅनल धावतात, त्याच दिशेत 2-3 मिमी अंतरावर पंचने दोन भोकं पाडा आणि पीडीएमएसचा तुकडा स्वच्छ काचेवर, खाचा खाली करून, बोटाने दाबून बसवा. कॉरोना ट्रीटर किंवा प्लाझ्मा (विजेच्या झोताने पृष्ठभाग चिकटण्याजोगा करणारी यंत्रं) मिळाला तर कायमचा चिकटतो, नाही मिळाला तरी ट्रायलपुरतं भागतं.

भरणं हा खरा गमतीचा भाग. ट्रीटमेंट न केलेलं पीडीएमएस पाण्याला आत घेत नाही, आणि एवढ्या बारीक चॅनलमध्ये सिरिंजने ढकलायला जाल तर तुकडाच उचकटेल. म्हणून एका भोकात आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब टाका, ते केशाकर्षणाने आपोआप आत जातं. मग दोन्ही भोकांत पाणी ठेवा, हळूहळू अदलाबदल होते. भोकं कोरडी पडू देऊ नका, पीडीएमएसमधून वाफ निघून जाते.

भरलंय हे कळतं कसं, तर त्याच लेझरने. पीडीएमएसचा अपवर्तनांक 1.41, हवेचा 1, पाण्याचा 1.33, म्हणजे फरक 0.41 वरून 0.08 वर येतो आणि बाजूच्या ठिपक्यांचा उजेड (तो या फरकाच्या वर्गाप्रमाणे बदलतो) ढोबळमानाने 25 पटीने कमी होतो. मायक्रोस्कोप लागतच नाही. फक्त एकच सुटा चॅनल हवा असेल तर ही पद्धत नको, इथे हजारो चॅनल शेजारीशेजारी मिळतात, आणि तुकड्याच्या कडेला सगळे उघडे असतात, म्हणून कडा जरा लांब ठेवूनच भोकं पाडा.