शाळेपासून दूध डेअरीपर्यंत: गावात पर्जन्यमापकांचं जाळं कसं उभारावं

26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, सुमारे 74. पाऊस असा पट्ट्यापट्ट्याने पडतो. महाराष्ट्रात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, पण एका मंडळात अनेक गावं येतात आणि वरच्या शिवारातला पाऊस खालच्या शिवारात असतोच असं नाही. ही मधली जागा विद्यार्थी आणि गावकरी भरून काढू शकतात. अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्सला 1997 च्या पुरानंतर असंच झालं. तिथे 1998 मध्ये सुरू झालेलं ‘कोकोरॉझ’ हे हौशी पाऊस-मोजणाऱ्यांचं जाळं पुढे देशभर पसरलं.

सुरुवात पाच-सहा मापकांनी करा. एक शाळेत, एक ग्रामपंचायतीजवळ, बाकीचे वेगवेगळ्या दिशांच्या वस्त्यांवर. पन्नास मापक वाटून टाकण्याचा मोह आवरा. मापक बनवायला एक दुपार लागते, तो रोज वाचणारं घर मिळायला महिना लागतो.

मापक बनवणे

110 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा साधारण 20 सेंमीचा तुकडा, पाइपच्या आत घट्ट बसेल असं कापलेलं नरसाळं, 5 लिटरचा पांढरा कॅन, सिलिकॉन आणि 100 मिलिलिटरचं मोजपात्र एवढं सामान पुरतं. नरसाळं पाइपच्या वरच्या काठापासून किमान 10 सेंमी खाली बसवा आणि कडेने सिलिकॉन फिरवा. वरची ही उभी भिंत महत्त्वाची आहे. उथळ नरसाळ्यावर आपटलेले थेंब उडून बाहेर जातात आणि जोरदार सरीतच मापक कमी दाखवतो. नरसाळ्याची नळी कॅनच्या झाकणाला पाडलेल्या भोकातून आत सोडा आणि सांधा बंद करा, नाहीतर पाइपच्या बाहेरून ओघळणारं पाणीही आत जाईल. पण कॅन पूर्ण हवाबंद झाला तर आतली हवा बाहेर पडत नाही आणि पाणी नरसाळ्यातच तुंबतं. म्हणून कॅनच्या मुठीखाली, आडोशाला, सुईएवढं भोक ठेवा.

आता हिशेब. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पाइपवर छापलेले 110 मिलिमीटर म्हणजे बाहेरचा व्यास. आपल्याला हवा आतला, तोही दोन दिशांनी मोजून, कारण कापलेला पाइप बऱ्याचदा किंचित लंबगोल झालेला असतो. समजा आतला व्यास 10.4 सेंमी आला. तोंडाचं क्षेत्रफळ 85 चौरस सेंमी, म्हणून 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 8.5 मिलिलिटर पाणी. कॅनमध्ये 170 मिलिलिटर निघालं, तर पाऊस 20 मिलिमीटर. इथे चुकून 11 सेंमी धरलं तर दहा टक्क्यांहून जास्त पाऊस कागदावरून गायब होतो, आणि वर्षभर रोज होतो. प्रत्येक मापकाचा आकडा त्याच्याच अंगावर पक्क्या शाईने लिहा: ‘1 मिमी = 8.5 मिली’. हे गणित सातवी-आठवीच्या मुलांनाच करू द्या. वर्तुळाचं क्षेत्रफळ कशाला शिकायचं, हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारत नाही.

5 लिटरच्या कॅनमध्ये या हिशेबाने जवळजवळ 590 मिलिमीटर मावतात, म्हणजे 26 जुलैसारखा अपवाद सोडला तर कोकण आणि घाटमाथ्यालाही तो पुरतो. 2 लिटरची बाटली 235 ला भरते. मराठवाड्यात ती बहुतेक दिवस चालेल, पण नेमका ज्या दिवसाचा आकडा सगळ्यांना हवा असतो त्याच दिवशी वाहून जाईल.

जागा

शाळेची गच्ची सोयीची वाटते, पण ती टाळा. तिथे वारा कठड्यावर आपटून वर उसळतो आणि थेंब मापकाच्या तोंडावरून पलीकडे जातात. मापक जमिनीवरच हवा, खाली गवत किंवा माती. फरशीवर आणि काँक्रीटवर पाणी उसळून आत येतं. काठ आडवा आहे की नाही ते गवंड्याच्या स्पिरिट लेव्हलने बघा. हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचा काठ जमिनीपासून 30 सेंमीवर असतो. आपला कॅन उंच असल्याने 50 सेंमी ठेवा, मात्र सगळीकडे सारखीच. कॅनभोवती तीन सळया ठोकून तारेने आवळा, म्हणजे वारा आणि शेळ्या दोन्हींपासून बचाव.

झाड किंवा इमारत जितकी उंच, त्याच्या दुप्पट लांब मापक असावा. 6 मीटरच्या खोल्यांपासून 12 मीटर. टेप नसेल तर ढोबळ अंदाजासाठी कंपासपेटीतला गुण्या वापरा. मापकाच्या काठाशी डोळा नेऊन 30 अंशांचा कोन धरा. झाडाचा शेंडा त्या रेषेच्या वर दिसला तर जागा बदला. जून महिन्यात ठीक असलेली जागा ऑगस्टमध्ये शेजारच्या मक्याने किंवा उसाने बिघडते, तेव्हा एकदा मधेच फिरून या.

मापक आपापल्या ठिकाणी नेण्याआधी आठवडाभर सगळे एकाच मैदानात शेजारी-शेजारी ठेवा. एखादा बाकीच्यांपेक्षा सतत वेगळा आकडा देत असेल तर सांधा गळतोय किंवा व्यास चुकलाय.

रोजचं वाचन

वेळ सकाळी 8:30. हवामान खातं याच वेळेला नोंद घेतं, त्यामुळे आपला आकडा त्यांच्याशी ताडून बघता येतो. 14 तारखेला सकाळी मोजलेला पाऊस 14 च्याच रकान्यात लिहायचा, मग तो आदल्या संध्याकाळी पडलेला का असेना. हे सुरुवातीलाच ठरलं नाही तर निम्म्या वह्या एक दिवस मागे राहतात आणि मग कुठलीच तुलना जमत नाही.

मोजपात्र सपाट जागी ठेवा, डोळा पाण्याच्या पातळीला आणा आणि पृष्ठभागाचा खालचा वाक वाचा. दोघांनी एकमेकांना न सांगता वाचायचं, मग आकडे ताडायचे. आधी लिहायचं, नंतर पाणी ओतायचं. पाणी एकदा ओतलं की पुन्हा मोजता येत नाही. वहीत तारीख, वेळ, मिलिलिटर, मिलिमीटर, वाचणाऱ्याचं नाव आणि शेरा असे सहा रकाने पुरेत. मिलिलिटर लिहून ठेवले की भागाकाराची चूक नंतर सापडते.

कोरडा दिवस असेल तर 0 लिहा. रकाना मोकळा सोडू नका. मोकळा रकाना म्हणजे ‘कोणी बघितलं नाही’, आणि शून्य म्हणजे ‘बघितलं, पडला नाही’. पावसाचा खंड किती दिवसांचा होता हे शून्यांवरूनच कळतं. नुसती ओल असेल, मोजता येत नसेल, तर शेऱ्यात ‘थेंब’. रविवारी राहून गेलं तर सोमवारी ‘2 दिवसांचा मिळून 36’ असं लिहा. 18-18 वाटून टाकू नका. खाडाखोड करायची तर एकच रेघ मारा, जुना आकडा दिसला पाहिजे.

सुट्टीचा प्रश्न आधी सोडवा. गणपतीची सुट्टी आणि भाद्रपदातल्या सरी यांची गाठ पडतेच. शाळेजवळ राहणारी तीन मुलं आणि एक मोठं माणूस असा गट ठरवा. शिक्षकावर सगळं ठेवलं तर बदली झाली की वही बंद.

आकडे परत गावाला

लोक टिकतात ते आपला आकडा कुठेतरी दिसला तर. दूध संकलन केंद्र ही सगळ्यात चांगली जागा, कारण तिथे रोज माणसं येतातच. फळ्यावर सगळ्या मापकांचे आकडे, शेजारी नक्षत्राची बेरीज. मृगात किती आणि आर्द्रात किती, ही भाषा शेतकऱ्याला महिन्यांपेक्षा जवळची आहे. मुलांनी गावाच्या नकाशावर आकडे मांडून ‘2.5 मिलिमीटर किंवा जास्त’ असे पावसाचे दिवस मोजावेत. हवामान खात्याची व्याख्या तीच आहे. एका मापकात 40 आणि बाकी सगळ्यांत 4 दिसले तर आधी दशांशचिन्ह तपासा, मग नरसाळ्यातलं पान, मग कोणी गमतीने पाणी ओतलंय का ते. तिन्ही नसेल तर आकडा तसाच ठेवा. तो खराही असू शकतो.

एक गोष्ट पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. 65 मिलिमीटरचा अतिवृष्टीचा निकष शासन स्वतःच्या केंद्रांवरून लावतं. घरच्या मापकावर नुकसानभरपाई मिळत नाही. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्या मोठ्या पावसानंतर लोक चिडतात आणि मापक वाचणं सोडतात. केंद्राच्या आणि आपल्या आकड्यांत तफावत दिसली तर वहीच्या आधारे तलाठ्याकडे प्रश्न मात्र नक्की विचारता येतो.

ऑक्टोबर संपला की वहीच्या दोन झेरॉक्स काढा, एक ग्रामपंचायतीत, एक शाळेच्या कपाटात. पाइप आणि नरसाळं धुऊन सावलीत ठेवा. मे महिन्याच्या शेवटी प्रत्येक मापकात 85 मिलिलिटर पाणी ओतून बघा. ते कॅनमधून पूर्ण परत मिळालं आणि वाचन 10 मिलिमीटर आलं, की तो मापक पुन्हा जागेवर न्या.