उकाड्यात मोइना-डॅफ्नियाचं कल्चर बसतंय? या चुका टाळा

एप्रिल-मे आला की फोंड्यापासून पेडण्यापर्यंत गप्पी, फायटर माशांची पिल्लं वाढवणाऱ्या सगळ्यांची एकच रड, पिल्लांना खायला घालायला ड्रमात वाढवलेली मोइना (डॅफ्नियासारखाच पाण्यातला बारीक जीव) काल नुसती बुजबुजत होती आणि आज पाणी रिकामं. मग कोण म्हणतो उन्हानं मेली, कोण म्हणतो खाणं म्हणून घातलेलं यीस्ट जास्त पडलं, आणि दोघंही अर्धेच बरोबर असतात. खाणं आणि तापमान वेगवेगळं धरायचं हीच मोठी चूक. पाणी तापलं की या जिवांचा श्वास, पचन, वाढ सगळंच जोरात चालतं, म्हणजे नुसतं जगायलाच जास्त खाणं लागतं, त्यामुळे जानेवारीत चालून जाणारा एक दिवसाचा उपास मे महिन्यात महागात पडतो. बरं म्हणून भरपूर ओतावं तर उरलेलं यीस्ट दुपारपर्यंत सडायला लागतं, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, २० डिग्रीला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम तर ३० ला साडेसातच. म्हणून उन्हाळ्यात एकदम न घालता थोडं थोडं दोन-तीनदा घाला, पाणी जरासं धूसर दिसलं की थांबा, आणि आधीचं निवळल्याशिवाय पुढचं नको.

दुसरं, कुरियरनं मॅग्ना डॅफ्निया मागवणं. दिसायला मोठा, मान्य, पण तो २० डिग्रीच्या आसपास खूश असणारा जीव, आपल्या मे महिन्यात त्याचे हाल होतात. एसीच्या खोलीत ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी. नाहीतर मोइनाच बरी, गरम पाण्यात चार-पाच दिवसांत पिल्लं द्यायला लागते.

थर्मामीटर सकाळी बघून "२७ आहे, ठीक आहे" म्हणणारे खूप. अहो, पत्र्याखालच्या निळ्या ड्रमात दुपारी तीनला बघा ना! मासळी बाजारातली थर्मोकोलची पेटी स्वच्छ धुऊन घ्या, कल्चर तिच्यात घालून पडवीत जमिनीवर ठेवा, वर माडाचं झाप टाका, बराच फरक पडतो. बर्फ मात्र टाकू नका, एकदम बदललेलं तापमान जास्त वाईट.

आता सगळ्यात कामाचं, आणि हे कोणीच करत नाही. काचेच्या ग्लासात कल्चरचं थोडं पाणी घ्या, मागून मोबाईलचा टॉर्च लावा, भिंग असेल तर उत्तमच. अंग पारदर्शक असतं त्यामुळे आतडं सरळ दिसतं, हिरवं पाणी, म्हणजे बारीक शेवाळाचं पाणी, खाल्लेलं असेल तर हिरवी रेघ, रेघच नसेल तर उपाशी. पाठीवरच्या पिशवीत अंडी मोजा, खाणं कमी पडलं की ती आधी कमी होतात, मरामर नंतर. अंगावर लालसर झाक आली म्हणजे ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून रक्तात हिमोग्लोबिन वाढलंय, अशा वेळी खाणं वाढवाल तर संपलंच. आणि पाठीवर काळपट खोगिरासारखं दिसलं तर ती टिकाऊ अंडी, गर्दी, उपासमार किंवा हवामान बदललं की एरवी नुसत्या माद्या काढणाऱ्या या बाया नर काढून अशी अंडी घालतात. तेव्हा कल्चर गटारात ओतू नका, तळाचा गाळ सावलीत वाळवून ठेवा, नंतर ताज्या पाण्यात त्यातनं पुन्हा पिल्लं निघू शकतात.

नुसत्या यीस्टवर संख्या वाढते पण कस कमी असतो, सोबत हिरवं पाणी किंवा चिमूटभर स्पिरुलिना (निळ्या-हिरव्या शेवाळाची पूड) द्याच.

एअर पंपाच्या नळीला बुडबुडे बारीक करणारा दगड (एअर स्टोन) नको, बारीक बुडबुडे कवचाखाली अडकले की बिचाऱ्या वरच तरंगत राहतात, नुसती नळी सोडा आणि मोठे बुडबुडे सावकाश येऊ द्या. गाळणीनं नेमानं काढत पण राहा, कंजूषपणानं साठवून ठेवली की गर्दी होते आणि तेच खाणं पुरेनासं होतं. नळाचं पाणी क्लोरीन उडाल्याशिवाय घालू नका, आणि दुसऱ्या भांड्यात थोडं कल्चर वेगळं ठेवाच, ते पहिल्या ड्रमाशेजारी त्याच उन्हात नको.